सूर्याकडं सरकलेलं कडं

मी मोटारी भरतो. विहिरीवरची किंवा बोअरमधली मोटार जळाली की ती माझ्या दुकानात येते. आतली काळी पडलेली तांब्याची तार कापून काढायची, नवी तार मोजून भरायची, वार्निश पाजायचं, सुकवायचं आणि परत द्यायची. तामलवाडीत तुळजापूर रस्त्याच्या कडेला बावीस वर्षं मी हेच करतो आहे.

या कामात लबाडीला एकच जागा असते, ती म्हणजे टर्नचा आकडा. गुंडाळीत तारेचे किती वेढे आहेत ते बाहेरून दिसत नाही. दहा-पंधरा कमी भरले तरी मोटार चालू होते, पाणी काढते, आणि ऐन उन्हाळ्यात जळते. मी आजवर कुणाच्या मोटारीत एक टर्न कमी भरलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर त्यावर विश्वास बसणं अवघड आहे.

माझ्या वायंडिंग मशीनवरचा आकडे दाखवणारा काटा कधीच मोडला. मी हँडल फिरवत तोंडानं मोजतो. मोजणाऱ्याशी बोलायचं नाही आणि मोजणाऱ्यानं उत्तर द्यायचं नाही, हा आमच्या दुकानाचा कायदा आहे. नवं गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, मालक, झाली का मोटार? मी म्हणतो, एकशे बारा. तो म्हणतो, एकशे बारा काय? मी म्हणतो, एकशे तेरा. मग बाकड्यावरचं कुणीतरी त्याला हाताला धरून बसवतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोनं दारात येऊन विचारलं होतं, भाजी कोणती करू. मी अठ्ठ्याऐंशी म्हणालो होतो. माहेरी तिनं ते किती जणांना सांगितलं असेल याची गणती नाही.

बायको शेजारच्या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. तिची एक पद्धत आहे. वर्गात काही सांगितलं की शेवटी ती सांगते, हे मी स्वतः बघितलंय, किंवा हे पुस्तकातलं आहे, मी बघितलेलं नाही. पोरांनी वहीच्या समासात त्याप्रमाणं ‘ब’ किंवा ‘पु’ लिहायचं. अणू, डायनासोर, शनीची कडी, सगळ्यांपुढं ‘पु’. तुरटीचे खडे, बेडकाची अंडी, चंद्रग्रहण, यांच्यापुढं ‘ब’. शाळेतले इतर शिक्षक हसतात. पण तिचे जुने विद्यार्थी आजही दुकानात आले की एखादी गोष्ट सांगताना मध्येच म्हणतात, हे ‘पु’ आहे बरं का मालक.

गेल्या वर्षी तिच्या डोक्यात चुंबकीय शीड शिरलं. कुठंतरी वाचून आली आणि दुकानात स्टूल ओढून बसली. सूर्यातून वीजभारित कण सारखे बाहेर फेकले जातात, सेकंदाला काहीशे किलोमीटर वेगानं, त्याला सौर वारा म्हणतात, हे तिनं सांगितलं. मी विचारलं, मग पवनचक्की लावायची का तिथं? ती म्हणाली, हा वारा इतका विरळ असतो की त्यात झेंडासुद्धा फडकणार नाही, कापडाचं शीड कामाचं नाही. पण कणांवर वीजभार आहे, आणि वीजभार असलेलं काहीही चालता चालता चुंबकापाशी आलं की वळतं. म्हणून यानाला तारेचं मोठं कडं लावायचं, कित्येक किलोमीटर रुंद, आणि त्यातून वीज फिरवायची. कड्याभोवती चुंबकाचं क्षेत्र पसरतं. येणारे कण त्याला अडून वळतात आणि वळता वळता कड्याला ढकलतात. कड्यात कापड नाही, पत्रा नाही, काहीच नाही. रिकामं कडं हेच शीड.

आमच्या भागात शीड पाहिलेलं माणूस सापडणार नाही. पोरांना तिनं कांद्याच्या ढिगावरची ताडपत्री सांगितली. वारा खाली शिरला की दोन माणसांना आवरत नाही. आता ताडपत्री काढून टाका, कडेची दोरी तेवढी ठेवा, आणि तरीही ती दोरी तुम्हाला ओढत नेते असं समजा.

तिला स्वतःला त्यातलं सुकाणू आवडलं होतं. कडं थोडं तिरकं केलं की धक्का थोडा बाजूला बसतो. वीज कमी-जास्त केली की जोर कमी-जास्त. दूरच्या ताऱ्यापाशी पोचायच्या वेळी तेच कडं ब्रेक म्हणून वापरायचं. जाणं, वळणं आणि थांबणं, सगळं इंधनाशिवाय. मी मात्र तारेपाशीच अडकलो होतो. त्या कड्याला अशी तार लागते की जी गार ठेवली तर तिच्यात वीज कितीही फिरो, ती तापत नाही. आयुष्यभर जळालेल्या तारा उपसणाऱ्या माणसानं हे ऐकून काय करायचं?

“मग तुमचं दुकान बंद,” ती म्हणाली.

“आधी ती तार तामलवाडीत तर येऊ दे,” मी म्हणालो.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात शिक्षकांचाही एक विभाग असतो. त्यात हे मांडायचं तिनं ठरवलं. भंगारातून तिनं एक जुना खोक्याचा टीव्ही आणला. तो बिघडलेला होता. चित्राऐवजी पडद्याच्या मधोमध नुसती एक आडवी पांढरी रेघ यायची. तिला तीच हवी होती. या टीव्हीत मागच्या नळीतून वीजभारित कणच पडद्यावर येऊन आदळतात, म्हणजे हा आपला घरगुती सौर वारा. त्याच्यापुढं मी भरलेलं दोनशे टर्नचं कडं टांगलं, झोपाळ्यासारखं दोन दोऱ्यांवर, म्हणजे गिरकी न घेता फक्त मागंपुढं हलेल. बटण दाबलं की कड्यात वीज जायची आणि पडद्यावरची सरळ रेघ सापासारखी वळायची. कण वळतात हे दिसलं. कडं मात्र जागचं हललं नाही. ती म्हणाली, हलणार नाही हे मला ठाऊक होतं, इथं धक्का इतका बारीक आहे की डोळ्यांना दिसायचा नाही, तसं पाटीवर लिहीन.

तेवढ्यावर थांबलं असतं. पण एक दिवस तिचे मुख्याध्यापक त्यांच्या विहिरीवरची मोटार न्यायला दुकानात आले. कडं बघून म्हणाले, “म्याडम, शीड म्हणता, अन् हे तर खुंटीवरच्या टोपीवानी गप हाय. न्हाय म्हणजे, बिघाड शिडात हाय का वायंडिंगमध्ये?”

बाकड्यावरची माणसं हसली. ती पण हसली. मला हसू आलं नाही. चार गिऱ्हाइकांपुढं माझ्या वायंडिंगला बोल लागला होता, हे एक. आणि तिला आतून वाईट वाटलं असणार, असं मी धरून चाललो, हे दुसरं. तिला विचारलं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी जुन्या भोंग्यातला चुंबक काढला. कडं ज्या लाकडी चौकटीला टांगलं होतं तिच्या मागच्या खांबात खोबण पाडून तो बसवला, वरून रंगारी फटी बुजवायला वापरतात ती लांबी भरली, घासली, रंग दिला. वीज सुरू झाली की कडं त्या चुंबकाकडं ओढलं जाणार, आणि बघणाऱ्याला वाटणार की टीव्हीकडून येणाऱ्या कणांनी ते मागं ढकललं. नुसत्या कड्यात वीज सोडून तिनं बघितलं तर पितळ उघडं पडलं असतं, म्हणून टीव्ही आणि कडं दोन्ही एकाच बटणावर घेतले. सोय म्हणून केलं, असं सांगितलं. आणि आता कडं का हलायला लागलं, याला कारण म्हणून सांगितलं की मी त्यात चाळीस टर्न वाढवलेत. एकही वाढवला नव्हता. टर्नच्या आकड्यात मी आयुष्यात एकदाच खोटं बोललो, ते बायकोशी.

संध्याकाळी तिनं बटण दाबलं. कडं दोन बोटं मागं गेलं आणि तिथंच थरथरत राहिलं. तिनं बंद केलं, परत चालू केलं. असं बऱ्याच वेळा केलं. मग खाली तारेच्या रिकाम्या रिळावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “अहो, हललं.”

तो आनंद मी बघितला आणि मला तो आवडला. हे लपवत नाही.

तुळजापूरच्या प्रदर्शनात तिचं मॉडेल जिल्ह्यासाठी निवडलं गेलं. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, वायंडिंग ह्यांचं आहे. मी त्या खांबावर हात ठेवून उभा होतो. नंतर देवीच्या दर्शनाला गेलो. तिनं काय मागितलं ठाऊक नाही. मी डोकं टेकलं आणि काही न मागता उठलो. मागायला तोंड नव्हतं.

नववीच्या वर्गात तिनं दुसऱ्या दिवशी पोरांना सांगितलं, शिडाला धक्का बसतो, समासात ‘ब’ लिहा.

जिल्ह्याच्या प्रदर्शनाला बारा-तेरा दिवस होते. तिला शांत बसवत नव्हतं. कड्याच्या तारांची टोकं उलटी जोडली तर काय होईल, हे तिनं करून बघितलं. कडं पुढं गेलं. टीव्हीकडं, म्हणजे सूर्याकडं, वाऱ्याच्या तोंडावर. खांबातला चुंबक आता त्याला ढकलत होता, दुसरं काय होणार? पण तिला हे कसं कळावं? तिनं मला बोलावून दाखवलं. वीज उलटी फिरवली तरी कण वळणारच, आणि धक्का मागंच बसायला हवा, असं ती म्हणत होती. मी बराच वेळ खाली वाकून वायर बघत राहिलो.

त्यानंतरचे चार दिवस मला जन्मभर पुरतील. शाळेतून आली की ती वही घेऊन त्या कड्यासमोर बसायची. आकृत्या काढायची, खोडायची. कॉलेजातली जुनी पुस्तकं माळ्यावरून काढली. एकदा म्हणाली, काहीतरी नवीनच सापडलं असेल का हो? आणि लगेच म्हणाली, छे, माझंच काहीतरी चुकतंय, माझं भौतिकशास्त्र पहिल्यापासून कच्चं. पुढं दोन-तीनदा हेच म्हणाली. मी तिला चहा करून देत होतो. ती म्हणायची, तुम्ही कंटाळत नाही म्हणून बरं.

चौथ्या दिवशी तिनं ठरवलं की नवं कडं स्वतःच्या हातानं भरायचं, म्हणजे टर्नची खात्री, आणि ते गाडीच्या बॅटरीवर वेगळं चालवून बघायचं, टीव्ही बंद ठेवून. म्हणजे मी दुसऱ्या दिवशी पकडला गेलोच असतो. त्यामुळं माझ्या कबुलीला मी फार मोठी किंमत लावत नाही.

रविवार होता, सकाळची वेळ. दुकानाचं एकच दार उघडलं होतं. ती मशीनवर बसली, तारेला डाव्या हातात फडकं धरलं आणि मोजायला लागली. हँडल फिरवायची तिची लय माझ्यापेक्षा सावकाश आहे, पण तार सुरेख बसते. ती साठाच्या पुढं गेली तेव्हा मी बोलायला लागलो. मोजणारा उत्तर देत नाही, हे ठाऊक होतं म्हणूनच तेव्हा बोललो. मी केलेल्या सगळ्यांत हे मला जास्त लाजिरवाणं वाटतं.

चुंबक कुठला, खोबण कशी पाडली, लांबी, रंग, एकच बटण, सगळं सांगितलं. चाळीस टर्न वाढवले नव्हते हेही. ती मोजत राहिली. नव्वदाच्या आसपास आवाज मोठा झाला. रस्त्यावरून सोलापूरची एसटी गेली, तिच्या आवाजावर तिनं आकडे चढवले. एकशे चाळीस, एकशे एक्केचाळीस. माझं सांगून संपलं तेव्हा एकशे सत्तर होते. पुढचे सत्तर टर्न मी फक्त ऐकले. एकही चुकला नाही. हँडल मध्ये कुठं थांबलं नाही की तार कुठं ढिली झाली नाही.

“दोनशे चाळीस,” ती म्हणाली. दोरीनं गुंडाळी बांधली, तार तोडली, फडकं झटकलं. मग माझ्याकडं वळली. “आता परत सांगा. माझ्याकडं बघून.”

मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा ते बरंच थोडक्यात झालं, कारण तिच्याकडं बघताना पुढचे शब्द सुचत नव्हते.

ती ऐकून घेऊन म्हणाली, “चुंबक लपवला त्याचं मला एवढं काही नाही. मी चार दिवस माझ्या डोक्याला दोष देत बसले होते, अन् तुम्ही शेजारी उभं राहून चहा देत होता.”

मग तिनं विचारलं, “सरांनी टोपी म्हटलं म्हणून केलंत का हे?”

मी हो म्हणालो.

“मला तर हसू आलं होतं,” ती म्हणाली. “तुम्हाला कुणी सांगितलं मला वाईट वाटलं म्हणून?”

मग तिनं छिन्नी मागितली आणि खांबातली लांबी स्वतः फोडली. चुंबक हातात घेऊन उलटा-पालटा करून बघितला आणि म्हणाली, काम मात्र सफाईचं केलंत. ते कौतुक नव्हतं, पण अगदी रागही नव्हता.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. त्या दोन दिवसांत तिनं करायचं ते सगळं केलं. सोमवारी नववीच्या वर्गात जाऊन सांगितलं की मला जे दिसलं ते खरं नव्हतं. पोरांनी समासातला ‘ब’ खोडून ‘पु’ लिहिलं. एका मुलीनं विचारलं म्हणे, म्याडम, मग डोळ्यांनी बघितलेलं पण पुस्तकापेक्षा कच्चं असतं का? ती म्हणाली, असू शकतं, बटण कुणी बसवलंय ते आधी बघायचं. माझं नाव तिनं वर्गात घेतलं नाही. निवड करणाऱ्यांमधल्या एका निवृत्त प्राध्यापकांना तिनं फोन केला. मी शेजारी बसलो होतो. फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, बोला. मी बोललो. मग त्यांनी विचारलं, रेघ वळत होती ती तरी खरी होती का? ती खरी आहे म्हटल्यावर म्हणाले, स्पर्धेतून काढावं लागेल, पण मांडायला या, स्पर्धेबाहेर एक टेबल देतो.

मला वाटलं ती जाणार नाही. बक्षीस नसताना टीव्हीचं ते खोकं धाराशिवपर्यंत कशाला न्यायचं? पण बुधवारी सकाळी ती पाटी रंगवत बसली होती. पाटीवर लिहिलं होतं, इथं शीड हलत नाही, का ते विचारा. द्राक्षवाल्या मित्राच्या टेम्पोत मधोमध टीव्ही ठेवून आणि दोन्ही बाजूंनी आम्ही धरून बसून गेलो. तुळजापूरचा घाट चढताना खोकं माझ्या अंगावर आलं, तशी ती म्हणाली, धरा नीट, आता ढकलणारा चुंबक नाहीये. दोन दिवसांतलं ते पहिलं बिनकामाचं वाक्य होतं.

आमचं टेबल प्रदर्शन भरलेल्या शाळेच्या व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीजवळ होतं. पहिला तासभर फारसं कुणी आलं नाही. मग काही मुलं पाणी प्यायला आली, पाटी वाचली आणि विचारायला लागली. ती टीव्ही सुरू करून रेघ वळवून दाखवायची. कडं का हलत नाही, आणि तिकडं वर यानाचं कडं किती मोठं असतं, वारा थांबत नसतो म्हणून बारीक धक्का दिवसेंदिवस साठत कसा जातो, आणि कडं तिरकं करून वळायचं कसं, हे सांगायची. मग म्हणायची, आता ह्यांच्याकडं बघा, हे खोटं हलवून दाखवतील.

मी चुंबक खांबाच्या खोबणीत बसवायचो आणि बटण दाबायचो. कडं मागं यायचं. मुलं ओरडायची. मग टोकं उलटी केली की पुढं जायचं. आतलं गुपित सांगितलं की मुलं जास्त खूश व्हायची. प्रत्येकाला स्वतः करून बघायचं होतं. ते प्राध्यापकही येऊन गेले. त्यांनी चुंबक खिशात टाकून मला विचारलं, आता हलवून दाखवा की, आणि हसून परत दिला. दिवसभरात मी माझी लबाडी निदान चाळीस वेळा करून दाखवली. घसा बसला. दुपारी तिनं माझ्यापुढं डबा सरकवला आणि पुढच्या घोळक्याला म्हणाली, थांबा जरा, चोर जेवतोय.

चार वाजता गर्दी ओसरली. एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या होत्या, त्यांनी विचारलं की हे कधी खरंच वापरलं का कुणी. बायकोनं सांगितलं की अजून तरी कागदावर आणि प्रयोगशाळेतच आहे, आणि मी स्वतः बघितलेलं नाही. हे सांगताना तिचा आवाज पूर्वीसारखा होता. आठवडाभर मी तो ऐकला नव्हता, तेव्हा तो काय असतो ते मला कळलं. मी टेबलाच्या पायाशी वायरी गुंडाळत बसलो होतो आणि मला खूप बरं वाटत होतं.

आता सगळं पूर्ववत आहे असं मी म्हणणार नाही. परवा तिच्या वर्गासाठी बरोबर उत्तराला दिवा लागेल असा एक फळा करून दिला. तिनं तो घेतला, छान झालाय म्हणाली, आणि मागच्या बाजूनं तळहात फिरवून बघितला, कडेपासून कडेपर्यंत. मी काही करून दिलं की ती आता असं करते. पूर्वी करत नसे. मी तिथंच उभा राहतो, तिचं बघून होईपर्यंत. मला त्याचा राग येत नाही. तिचा तळहात फिरणार हे ठाऊक होतं, म्हणून फळा मागून मी गुळगुळीत घासलेला होता.